विश्लेषण : वाट पोखरणारे एन्झाइम रोखले, तरी कर्करोग का थांबत नाही?

'अमुक एन्झाइम रोखले आणि कर्करोगाच्या पेशींचा प्रसार थांबला' अशा आशयाची बातमी अधूनमधून मोबाइलवर झळकते. त्यातला प्रयोग बहुतेक वेळा खरा असतो. पण तो काचेच्या बशीत किंवा उंदरांवर झालेला असतो. याच कल्पनेवर १९९०च्या दशकात अनेक औषध कंपन्यांनी मोठा पैसा ओतला, शेकडो रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि जवळपास सगळी औषधे अपयशी ठरली. एका औषधाच्या चाचणीत तर ते घेणाऱ्यांचे आयुष्य तुलनेने कमी भरले. असे का झाले, पेशींनी कोणती पळवाट काढली आणि त्या अपयशातून आज काय हाती लागले आहे, याचा हा आढावा.

कर्करोग 'पसरतो' म्हणजे नेमके काय होते?

तोंड, स्तन, आतडे, फुप्फुस अशा अवयवांत पेशींचा अस्तरासारखा थर असतो. या थराखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो आणि त्याखाली कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. पेशींना आधार देणे आणि त्यांना आपापल्या जागी ठेवणे हे या जाळ्याचे काम. कर्करोगाच्या पेशी पडद्याच्या वरच्या बाजूला असतात, तोवर रोग एका जागी असतो आणि शस्त्रक्रियेने काढून टाकणे तुलनेने सोपे असते. पडदा ओलांडून पेशी खालच्या जाळ्यात शिरल्या की चित्र बदलते. तिथून त्या रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनी गाठतात, प्रवाहाबरोबर दुसऱ्या अवयवात उतरतात आणि तिथे नवी गाठ धरतात. कर्करोगाने होणाऱ्या बहुतांश मृत्यूंमागे मूळ गाठीपेक्षा हा प्रसार कारणीभूत असतो.

हा प्रवास किती लवकर सुरू होतो, याचा अंदाज मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या एका चाचणीतून येतो. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या, मानेत हाताला एकही गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात तोंडातील गाठीबरोबरच मानेतील लसिकाग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात, मानेत रोग दिसला तरच त्या काढायच्या, असे ठरले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. तोंडातली गाठ लहान दिसत असली, तरी अनेकांच्या बाबतीत पेशी आधीच मानेपर्यंत चालत गेल्या होत्या, असा याचा अर्थ. पेशींची ही चाल औषधाने रोखता आली तर, हा प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या जगण्यामरण्याशी थेट जोडलेला आहे.

पेशी वाट कशी काढतात?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर बेडकाच्या पिलाने दिले. बेडकाचे पिलू मोठे होताना त्याची शेपटी नाहीशी होते. मग शेपटीतले एवढे कोलॅजन जाते कुठे? १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या शास्त्रज्ञांनी शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले. तुकड्यांच्या आसपासचा थर विरघळत गेला. शेपटीच्या पेशी कोलॅजन कापणारे एन्झाइम बाहेर सोडत होत्या. पुढे माणसातही अशा एन्झाइमचे मोठे कुटुंब सापडले. त्याला मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी म्हणतात. माणसात अशी २३ एन्झाइम आहेत. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि त्याच्याशिवाय कापण्याचे काम होत नाही.

ही एन्झाइम मुळात शत्रू नाहीत. जखम भरणे, हाडाची झीज आणि भर, मासिक पाळीत गर्भाशयाचे अस्तर सुटणे, गर्भाची वाढ या सगळ्यांत त्यांची गरज लागते. त्यामुळेच शरीर त्यांच्यावर कडक पहारा ठेवते. बहुतेक एमएमपी निष्क्रिय स्वरूपात तयार होतात आणि गरजेच्या वेळी त्यांच्यावरचे 'टोपण' निघते. शिवाय टिंप नावाची चार नैसर्गिक प्रथिने त्यांना आवर घालतात. कर्करोगात हा तोल ढळतो. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी उंदरांतील गाठींवर काम करून दाखवले की, ज्या पेशी अधिक पसरतात त्या पडद्यातील कोलॅजन अधिक प्रमाणात तोडतात. पुढील काळात एक गुंतागुंतही लक्षात आली. ही एन्झाइम अनेकदा कर्करोगाच्या पेशी स्वतः बनवत नाहीत. आजूबाजूच्या निरोगी पेशी आणि जमलेल्या प्रतिकारपेशी ती पुरवतात. एमएमपीखेरीज प्लाझमिन, कॅथेप्सिन अशी इतर कापणारी एन्झाइमही या कामात असतात.

एन्झाइम रोधक काय करतात?

एन्झाइमला कात्री मानले, तर जस्ताचा अणू हा तिच्या पात्यांना जोडणारा खिळा. पहिल्या पिढीतील रोधकांची रचना कोलॅजनच्या तुकड्यासारखी केलेली होती. एन्झाइम फसून त्यांना पकडे आणि रोधकाचे टोक जस्ताला घट्ट चिकटून बसे. कात्री तिथेच अडकून राही.

ऑक्सफर्डच्या ब्रिटिश बायोटेक कंपनीचे बॅटिमास्टॅट हे यातले सुरुवातीचे औषध. ते पोटातून शोषले जात नसे. त्यामुळे ते थेट पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीत टोचावे लागे. त्यानंतर आलेले मारिमास्टॅट गोळीच्या रूपात देता येत होते. बायरचे टॅनोमास्टॅट आणि फायझरकडे गेलेले प्रिनोमास्टॅटही शर्यतीत उतरले. उंदरांवरील प्रयोगांत गाठींची वाढ आणि प्रसार दोन्ही घटले होते, त्यामुळे उत्साह मोठा होता.

एक अडचण मात्र सुरुवातीपासून होती. केमोथेरपीची औषधे पेशी मारतात, त्यामुळे गाठ किती आक्रसली हे मोजता येते. एमएमपी रोधक पेशी मारत नाहीत, त्यांची वाट अडवतात. मग औषध लागू पडले हे ओळखायचे कसे? सुरुवातीच्या चाचण्यांत रक्तातील कर्करोग-खुणांची पातळी किती वेगाने वाढते, यावरून अंदाज बांधण्यात आला आणि मारिमास्टॅटची मात्राही त्या आधाराने ठरली. एन्झाइम गाठीच्या आत खरोखर किती रोखले गेले, हे थेट तपासण्याची सोय तेव्हा नव्हती.

मोठ्या चाचण्यांत काय घडले?

स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगात ४१४ रुग्णांवर मारिमास्टॅटच्या तीन मात्रा आणि जेमसिटाबिन हे प्रचलित औषध यांची तुलना झाली. एका वर्षानंतर जेमसिटाबिन घेणाऱ्यांपैकी १९ टक्के हयात होते. मारिमास्टॅटच्या सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात हे प्रमाण २० टक्के, तर लहान मात्रांच्या गटांत १४ टक्के होते. नवे औषध जुन्यापेक्षा सरस ठरले नाही.

जठराच्या कर्करोगात थोडी आशा दिसली. ३६९ रुग्णांच्या चाचणीत मारिमास्टॅट घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १६० दिवस, तर औषध नसलेली, हुबेहूब दिसणारी गोळी घेणाऱ्यांचे १३८ दिवस भरले. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९ आणि ३ टक्के होते. मात्र मुख्य तुलनेतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठाम नव्हता.

टॅनोमास्टॅटची कहाणी अधिक गंभीर आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगातील २७७ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ६.५९ महिने होते. टॅनोमास्टॅट घेणाऱ्यांचे ३.७४ महिने. फुप्फुसाच्या स्मॉल सेल प्रकारातही औषध घेणारा गट मागे पडत असल्याचे दिसले आणि १९९९ मध्ये या औषधाच्या कर्करोगावरील चाचण्या थांबवण्यात आल्या. प्रिनोमास्टॅट केमोथेरपीसोबत देऊनही फुप्फुसाच्या कर्करोगात आयुर्मान वाढले नाही.

त्यात सांधेदुखीची भर पडली. मारिमास्टॅट घेणाऱ्या अनेकांचे हात आणि खांदे आखडत, स्नायू व सांधे दुखत. औषध थांबवले की त्रास ओसरे. पण त्यामुळे मात्रा वाढवता येत नव्हती आणि काहींना औषध मध्येच सोडावे लागले.

उंदरांत चालले, माणसांत का नाही?

लिसा कूसेन्स, बार्बरा फिंगलटन आणि लिन मॅट्रिशियन या संशोधकांनी २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या अपयशाचा हिशेब मांडला. त्यातून आणि नंतरच्या कामातून प्रामुख्याने तीन कारणे पुढे आली.

पहिले कारण वेळेचे. उंदरांना औषध बहुधा रोगाच्या सुरुवातीला, प्रसार होण्यापूर्वी दिले गेले होते. माणसांतील चाचण्या मात्र बहुतांशी वाढलेल्या, आधीच पसरलेल्या कर्करोगावर झाल्या. घोडे निघून गेल्यावर तबेल्याला कडी लावण्यासारखाच हा प्रकार होता.

दुसरे कारण निवडीचे. औषधे एकाच वेळी अनेक एमएमपी रोखत होती आणि त्यांतली काही शरीराच्या बाजूने लढणारी निघाली. स्पेनमधील कार्लोस लोपेझ-ओतिन यांच्या गटाने २००३ मध्ये एमएमपी-८ हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यापैकी नरांमध्ये त्वचेच्या गाठी अधिक प्रमाणात झाल्या. म्हणजे हे एन्झाइम गाठींना आळा घालत होते. काही एमएमपींच्या कापण्यातून अँजिओस्टॅटिनसारखे तुकडे तयार होतात. ते गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या वाढू देत नाहीत. सरसकट बंदी घातली की चोराबरोबर पहारेकरीही अडकतो.

तिसरे कारण सर्वांत अनपेक्षित होते. कात्री काढून घेतली, तरी पेशी चालायच्या थांबत नव्हत्या. त्यांनी चालण्याची पद्धतच बदलली.

पेशी चाल बदलतात ती कशी?

जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात कातारिना वोल्फ, पीटर फ्रीडल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग या विषयात मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी कर्करोगाच्या पेशी कोलॅजनच्या त्रिमितीय जाळ्यात सोडल्या. एरवी या पेशी लांबट, चातीसारख्या आकाराच्या असतात. पुढचे टोक तंतूंना चिकटवायचे, वाटेतला तंतू कापायचा, मागचा भाग ओढून घ्यायचा, अशी त्यांची चाल असते. त्यांच्या मागे जाळ्यात बोगद्यासारखी मोकळी वाट राहते.

मग संशोधकांनी एमएमपीसह इतरही कापणाऱ्या एन्झाइमना रोखणारी औषधे एकत्र करून दिली. तंतू कापणे थांबले. पण पेशी थांबल्या नाहीत. त्या गोलसर झाल्या, तंतूंमधल्या फटीत अंग घुसवू लागल्या आणि आकार बदलत, आक्रसत, सरपटत पुढे गेल्या. अमिबा असाच सरकतो. आपल्या पांढऱ्या पेशीही ऊतींमधून अशाच फिरतात. जिवंत उंदरांच्या त्वचेतही अशी चाल पाहायला मिळाली. मागे बोगदा मात्र राहत नव्हता, कारण काही कापलेच जात नव्हते.

त्याच वर्षी लंडनमध्ये एरिक साहाई आणि ख्रिस्तोफर मार्शल यांनी या चालीमागचे इंजिन दाखवून दिले. गोल होऊन घुसणाऱ्या पेशी रॉक नावाच्या एन्झाइमवर अवलंबून असतात. ते पेशीच्या आतल्या आकुंचन पावणाऱ्या धाग्यांना ताण देते. त्या जोरावर पेशी स्वतःला पिळून फटीतून पुढे ढकलते. कापत जाणाऱ्या पेशींना रॉकची गरज कमी आणि घुसणाऱ्यांना कापणाऱ्या एन्झाइमची गरज कमी, असे चित्र समोर आले. दोन्ही एकदम रोखल्यावर मात्र पेशींचे आक्रमण अधिक परिणामकारकपणे घटले.

एन्झाइम रोधकाने पेशीची हालचाल पुसली जात नाही, ती दुसऱ्या वळणावर जाते, हा या प्रयोगांचा धडा. कोणत्याही 'प्रसार थांबला' अशा दाव्याकडे पाहताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

मग एन्झाइम रोखणे निरर्थक आहे का?

तसेही नाही. इथे प्रश्न फटीच्या मापाचा येतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील स्टीफन वाइस यांच्या गटाने २००९ मध्ये एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. प्रयोगशाळेत वापरले जाणारे कोलॅजन काही वेळा पेप्सिन या पाचक एन्झाइमने प्रक्रिया करून काढलेले असते. या प्रक्रियेत तंतूंना एकमेकांशी बांधणारी टोके निघून जातात. त्यामुळे जाळे सैल पडते आणि पेशी न कापताही त्यातून निसटू शकतात. शरीरातल्यासारखे घट्ट बांधलेले जाळे वापरले, तेव्हा एमटी१-एमएमपी या पेशीच्या पृष्ठभागावर बसलेल्या एन्झाइमशिवाय पेशी पुढे जाऊ शकल्या नाहीत.

२०१३ मध्ये वोल्फ आणि फ्रीडल यांनीच या वादाला आकडा दिला. पेशीचे बाकी शरीर मऊ असते, हवे तसे दबते. अडते ते तिचे केंद्रक. गर्दीच्या लोकलमध्ये अंग चोरून दारापर्यंत पोहोचता येते, पण पाठीवरची ताठ बॅग मध्येच अडकते, तसेच काहीसे. कापण्याची सोय नसेल, तर फट केंद्रकाच्या आडव्या छेदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी अरुंद होताच पेशी अडकून पडते. कर्करोगाच्या पेशींसाठी ही मर्यादा साधारण ७ चौरस मायक्रॉन निघाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याहून मोठी फट असेल, तर रोधक असला तरी पेशी निघून जाते. याहून लहान असेल, तर रोधक तिला खरोखर अडवतो.

त्यामुळे एकच औषध एका ऊतीत परिणामकारक आणि दुसरीत निष्प्रभ ठरू शकते. चरबीच्या पेशींमधल्या मोकळ्या वाटा, स्नायू आणि नसांच्या कडेने जाणाऱ्या फटी, आणि दाट तंतूंनी भरलेला भाग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकाच गाठीच्या दोन बाजूंनाही तो असू शकतो.

दोन्ही वाटा एकदम बंद करता येतील?

कागदावर उत्तर सोपे आहे. एमएमपी आणि रॉक दोन्ही रोखायचे. रॉक रोधक औषधे अस्तित्वातही आहेत. फासुडिल हे औषध जपानमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यानंतर रक्तवाहिन्या आवळू नयेत म्हणून १९९५ पासून वापरले जाते. नेटारसुडिल काचबिंदूसाठी, तर बेल्युमोसुडिल अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर उद्भवणाऱ्या एका दीर्घकालीन गुंतागुंतीसाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. मात्र यातले एकही कर्करोगाचा प्रसार रोखण्यासाठी मान्य झालेले नाही.

अडचण अशी की रॉक हे एन्झाइमही शरीराला सर्वत्र लागते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंचा ताण त्यावर अवलंबून असतो. ते मोठ्या प्रमाणात रोखले, तर रक्तदाब घसरू शकतो. पांढऱ्या पेशी, ज्या कर्करोगाशी लढतात, त्याही याच इंजिनावर चालतात. दोन्ही दारे बंद करताना घरातल्यांनाच कोंडून ठेवण्याचा धोका आहे.

जाळेच कडक असेल तर? सुपारीचा धडा

पेशीइतकेच तिच्याभोवतीचे जाळेही महत्त्वाचे, हे महाराष्ट्राला ओळखीच्या एका आजारातून दिसते. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्या अनेकांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. गालांची आतली बाजू पांढुरकी, ताठ होते, तिखट सोसत नाही. हा सबम्यूकस फायब्रोसिस. भारतीय वैद्यकीय साहित्यात १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी त्याची नोंद केली. सुपारीतील घटकांमुळे गालाखालच्या पेशी जास्त कोलॅजन तयार करू लागतात. त्यातच सुपारीतील तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला बळ मिळते. एमएमपी तंतू कापतात, तर लायसिल ऑक्सिडेज तंतूंना एकमेकांशी जखडते. जखडलेले कोलॅजन सहज तुटत नाही आणि गाल आखडत जातो. हा आजार पुढे कर्करोगात बदलण्याची जोखीम असलेला मानला जातो.

घट्ट जाळ्यात पेशी अडकायला हव्यात, असे वाटेल. प्रत्यक्षात चित्र उलटेही होते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांच्या स्तनातील गाठींवर काम करून दाखवले की, तंतू जखडून ऊती ताठ झाल्या की पेशींना आतून अधिक आक्रमक होण्याचे संकेत मिळतात. लायसिल ऑक्सिडेज रोखले तेव्हा ऊती मऊ राहिल्या आणि रोगाची वाढ मंदावली. त्यामुळे या कुटुंबातील एन्झाइमही औषधांचे लक्ष्य बनले. पण सिमटुझुमॅब हे अशा एका एन्झाइमविरोधी प्रतिपिंड स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीसोबत देऊनही रुग्णांना फायदा झाला नाही. उंदरांपासून माणसापर्यंतचा रस्ता इथेही लांबच निघाला.

सुपारीच्या बाबतीत मात्र महागड्या रोधकाची वाट पाहण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला तंबाखूविनाही माणसात कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. खरी अडचण अंमलबजावणीची आणि 'नुसती सुपारीच तर आहे' या समजाची आहे.

आता संशोधन कुठे आहे?

सरसकट रोधकांऐवजी एकाच एन्झाइमला नेमके गाठणाऱ्या प्रतिपिंडांकडे लक्ष वळले. तिथेही यश सहज आले नाही. फक्त एमएमपी-९ रोखणारे अँडेकॅलिक्सिमॅब जठराच्या कर्करोगात ४३२ रुग्णांवर केमोथेरपीसोबत तपासण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण रुग्णांचे आयुर्मान त्याने वाढले नाही. कर्करोगावरील उपचार म्हणून आजवर एकाही एमएमपी रोधकाला मान्यता मिळालेली नाही. अमेरिकेत एमएमपी रोधक म्हणून मान्य झालेले एकमेव औषध हिरड्यांच्या आजारासाठी आहे. ते म्हणजे अत्यल्प मात्रेतील डॉक्सिसायक्लिन, त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

अधिक फलदायी ठरलेली दिशा वेगळीच आहे. गाठीजवळ ही एन्झाइम जास्त असतात ना, मग त्यांना रोखण्याऐवजी त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचे. पेगुलिसियानिन हे याचे उदाहरण. स्तन न काढता फक्त गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे द्रव्य शिरेतून दिले जाते. एरवी ते चमकत नाही. गाठीजवळच्या कॅथेप्सिन आणि एमएमपी एन्झाइमनी ते कापले की ते चमकू लागते. गाठ काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीत कर्करोगाचा अंश राहिला आहे का, हे शल्यचिकित्सक विशिष्ट प्रकाशात तिथल्या तिथे पाहू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. तीव्र ॲलर्जीच्या शक्यतेचा ठळक इशाराही त्यासोबत आहे. अशाच तत्त्वावर, निष्क्रिय रूपात शरीरात जाऊन गाठीजवळच्या एन्झाइमने कापल्यावरच सक्रिय होणाऱ्या औषधांवर काम सुरू आहे.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात घ्यावे?

'एन्झाइम रोधक' हा शब्द ऐकून सगळी औषधे एका माळेत ओवणे चुकीचे ठरेल. रक्ताच्या एका कर्करोगात क्रांती घडवणारे इमॅटिनिब हेही एन्झाइम रोधकच आहे. पण ते पेशीला 'वाढत राहा' असा आदेश देणारे एन्झाइम रोखते. त्या पेशींचे जगणेच त्या आदेशावर अवलंबून असते, म्हणून औषध लागू पडते. जाळे कापणारे एन्झाइम ही पेशीसाठी अनेक साधनांपैकी एक सोय असते. ती गेली, तर दुसरी हाताशी असते. त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेली अशी औषधे या लेखातील अपयशाचा संदर्भ घेऊन बंद करू नयेत. तसेच, डॉक्सिसायक्लिन एमएमपी रोखते म्हणून ते आपल्या मनाने घेण्यातही अर्थ नाही.

पुढच्या वेळी 'प्रसार रोखणारा' शोध वाचनात आला, तर चार प्रश्न विचारावेत. प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की रुग्णांवर? औषध रोग पसरण्याआधी दिले की नंतर? एन्झाइम रोखल्यावर पेशींनी दुसरी चाल धरली का, हे तपासले का? आणि रुग्णांचे आयुष्य किंवा जगण्याची प्रत सुधारली का? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तरच ती उपचाराची बातमी. तोवर ती संशोधनाची बातमी असते, आणि तिची किंमत तेवढीच धरावी. दरम्यान, पेशी चालायला लागण्याआधी गाठ पकडणे हाच प्रसार रोखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, उघडेनासे झालेले तोंड किंवा स्तनातली नवी गाठ ही त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याची पुरेशी कारणे आहेत.